आधी अटी, मग यंत्र : लोकसेवांतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वर्ध्याची यंत्रमीमांसा

१

यंत्राचा विचार दोन अंगांनी करता येतो. यंत्राच्या ठायी सामर्थ्य किती, हा एक प्रश्न. आणि त्या यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची स्थिती काय होते, हा दुसरा. शासनव्यवहारात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग कसा व्हावा, यासंबंधी गेल्या काही वर्षांत जे धोरणवाङ्मय निर्माण झाले आहे, त्यातील बहुतेक भाग पहिल्या प्रश्नाने व्यापलेला आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ या नावाने २०२५ ते २०२९ या काळासाठी कृषिधोरण मान्य केले व त्याच्या पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आरंभी सात सूत्रे घातली. उत्तरदायित्व हा शब्द या वाङ्मयात वारंवार येतो. तथापि, उत्तर कोणी द्यावयाचे, कोणास द्यावयाचे आणि कोणत्या भाषेत द्यावयाचे, या तीन गोष्टी स्पष्ट झाल्यावाचून त्या शब्दास अर्थ प्राप्त होत नाही.

या प्रश्नाची छाननी करण्यास वर्धा जिल्हा दोन कारणांनी योग्य ठरतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत यंत्र आणि समाज यांच्या संबंधाचा जो विचार भारतात झाला, त्याचे एक प्रमुख केंद्र वर्धा हे होते. दुसरे असे की, कोरडवाहू कापूस हे ज्यांचे जीवन आहे आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्यांची नोंद शासनास निराळी करावी लागली, अशा विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी हा एक. येथील शेतकऱ्याचा शासनाशी संबंध येतो तो मुख्यतः यादीच्या द्वारे. कर्जमाफीची यादी, पीकविम्याची यादी, अनुदानाची यादी, शिधापत्रिकेची यादी. यादीत नाव असणे व नसणे यांत त्याचे एक वर्ष सामावलेले असते. ही यादी आता यंत्र सिद्ध करू लागले आहे. म्हणून यंत्रविचाराची वर्ध्याची परंपरा या यादीच्या संदर्भात तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२

गांधींचा यंत्रविचार म्हणजे यंत्रविरोध, हे समीकरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे, आणि १९०९ मधील ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकाची भाषा त्या समीकरणास आधार देते, हेही नाकारता येत नाही. परंतु विचारवंताची भूमिका ठरवताना त्याचे पहिले विधान तेवढे प्रमाण मानून भागत नाही. १९२४ साली दिल्ली येथे रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात आपला आक्षेप यंत्रावर नसून यंत्राच्या वेडावर आहे, असे गांधींनी स्पष्ट केले आणि शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला. शिवणयंत्रे बनवावयाची तर मोठे कारखाने लागतील, या प्रतिप्रश्नास त्यांनी असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा शासनाच्या ताब्यात असावेत, असे उत्तर दिले. यंत्र चालेल, पण ते कोणाच्या ताब्यात आहे हे आधी ठरले पाहिजे, असा या उत्तराचा निष्कर्ष निघतो.

या भूमिकेचे सर्वांत व्यवहार्य रूप मात्र ग्रंथात नसून एका जाहिरातीत आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. ते खेड्यातील घरात चालावे. एखाद्या स्त्रीला ते फारसे श्रम न होता आठ तास चालवता यावे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे. नीट निगा राखल्यास यंत्र २० वर्षे टिकावे व दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा ५ हून अधिक नसावा. आणि पारितोषिक हवे असल्यास शोधकाने पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करावे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काळे यांनी तयार केलेले यंत्र परीक्षेसाठी पुढे आले, तथापि ते सर्व अटींस उतरले नाही. आणि ते पारितोषिक अखेर कोणासही मिळाले नाही.

या अटींचे विश्लेषण केले असता त्यांतील एकच अट यंत्राच्या उत्पादनशक्तीविषयी आहे, असे आढळते. इतर सर्व अटी यंत्र चालवणाऱ्या माणसाविषयी, त्याच्या घराविषयी, त्याच्या खिशाविषयी, यंत्र बिघडल्यास काय होईल याविषयी आणि यंत्राच्या मालकीविषयी आहेत. शिवाय, यंत्र तयार होण्यापूर्वी अटी तयार झाल्या होत्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली घाणी, जाते, कागद, चूल यांवर जे प्रयोग केले, त्यांतही हाच क्रम दिसून येतो. १९३८ मध्ये सुरू झालेले मगन संग्रहालय आजही त्या क्रमाचे साक्षीदार आहे. ‘आधी अटी, मग यंत्र’ हे वर्ध्याच्या यंत्रमीमांसेचे सार होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

३

या परंपरेवरील गंभीर आक्षेपांची दखल न घेता पुढे जाणे मात्र समीक्षेच्या दृष्टीने सदोष ठरेल. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काँग्रेसविषयक ग्रंथात गांधीविचाराच्या अर्थकारणावर कठोर टीका केली. माणसाला पशुतुल्य कष्टांतून सोडवून फुरसत व संस्कृती यांची प्राप्ती करून देणारे साधन म्हणजे यंत्र. ज्या समाजात कष्टांची वाटणी जन्मावरून होते, त्या समाजात यंत्राचा धिक्कार करणे म्हणजे त्या वाटणीस मान्यता देणे होय, असा त्या टीकेचा आशय आहे.

त्याही आधी, १८८३ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा फुले यांनी कुलकर्णी व कारकून यांच्या लेखणीने निरक्षर शेतकऱ्याची कशी नागवण होते, याचे जे चित्र रेखाटले, ते या प्रश्नाच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. कचेरीत यंत्राऐवजी माणूस बसलेला असला म्हणजे न्याय मिळतोच, असे नाही. त्या माणसाला जात असते, नाती असतात, हात ओला झाल्याशिवाय कागद पुढे न सरकवण्याची सवयही असू शकते. ज्याला तलाठ्याच्या दारी वारंवार हेलपाटे घालावे लागले आहेत, त्याला चेहरा न पाहता काम करणारे यंत्र सुटकेचे साधन वाटावे, हे स्वाभाविक होय. सात-बाराचा उतारा संगणकावर मिळू लागल्याने अनेकांचा एक त्रास कमी झाला, हे मान्य केले पाहिजे.

तथापि, फुल्यांच्या टीकेचा मथितार्थ अधिक खोल आहे. कुलकर्ण्याचे सामर्थ्य त्याच्या लेखणीत नव्हते. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला ते वाचता येत नव्हते, यात ते होते. या दृष्टीने पाहता, ज्याचा निर्णय कोणासच वाचता येत नाही असे यंत्र कचेरीत आणून बसवणे म्हणजे जुन्या दप्तराचा पुनर्जन्म घडवून आणणे होय. कुलकर्ण्याचे मोडी दप्तर निदान दुसऱ्या कुलकर्ण्यास तरी वाचता येई. लक्षावधी उदाहरणांवरून शिकलेल्या प्रणालीने एखाद्या अर्जावर ‘अपात्र’ असा शेरा का मारला, हे पुष्कळदा ती प्रणाली घडवणाऱ्यासही नेमके सांगता येत नाही. यास्तव फुले-आंबेडकरांची परंपरा आणि मगनवाडीची परंपरा यांतील मतभेद कितीही तीव्र असला, तरी या एका बिंदूवर त्या एकत्र येतात : ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला तो निर्णय वाचता व विचारता आला पाहिजे.

४

महाराष्ट्राच्या अनुभवातील दोन उदाहरणे या बिंदूवर प्रकाश टाकतात. दोन्ही कर्जमाफीची आहेत आणि दोहोंतही संगणकाने माहिती जुळवण्याचेच काम केले. बुद्धिमत्ता हे नाव त्यास देता येणार नाही. परंतु साध्या जुळवणीने जे घडते, तेच अधिक गुंतागुंतीच्या प्रणालीने अधिक मोठ्या प्रमाणावर व अधिक अदृश्यपणे घडू शकते. म्हणून ती उदाहरणे येथे विचारात घेणे युक्त आहे.

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. ३४,०२२ कोटी रुपये व ८९ लाख शेतकरी, असा तिचा आवाका सांगण्यात आला. या योजनेत शेतकऱ्याने संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरावयाचा होता. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी समारंभपूर्वक प्रमाणपत्रे देण्यात आली. परंतु अर्जांतील माहिती व बँकांची माहिती परस्परांशी जुळेना, एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आढळू लागला आणि पैसे खात्यात पडण्यास विलंब होत गेला. माहिती जुळली त्यांची ‘हिरवी यादी’ व न जुळली त्यांची ‘पिवळी यादी’, अशी भाषा गावोगावी रूढ झाली. पिवळ्या यादीतील शेतकऱ्याची चूक कोणती, हे त्यास समजत नव्हते. कारण बहुधा ती त्याची नव्हतीच. नाव लिहिण्याची बँकेची पद्धत एक, आधारपत्रावरील दुसरी, सात-बारावरील तिसरी. या तीन कागदांतील विसंगतीचा भार ज्याने त्यांपैकी एकही कागद लिहिला नव्हता, त्याच्यावर पडला. त्याच वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचे अतोनात नुकसान केले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विलंबाचे मोल ध्यानात येते.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम उलट करण्यात आला. अर्ज मागवले गेले नाहीत. बँकांनी आपापली माहिती दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रथम प्रत्येक जिल्ह्यातील मोजक्या गावांच्या याद्या व मागाहून इतरांच्या याद्या गावात लावण्यात आल्या. शेतकऱ्याने आपले नाव व रक्कम पाहून आधार-प्रमाणीकरण करावयाचे आणि रक्कम मान्य नसल्यास तशी तक्रार नोंदवावयाची, जिचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती करील, अशी व्यवस्था होती. ही योजना निर्दोष होती असे नव्हे. अंगठ्याचा ठसा न उमटणे, यादीत नाव नसणे, दोन लाखांहून अधिक कर्ज असलेल्यांचा प्रश्न, हे राहिलेच. परंतु यंत्र आधी थोड्या गावांत चालवून पाहिले, त्याने काय ठरवले ते भिंतीवर लावले आणि ‘हे मान्य नाही’ असे म्हणण्याची जागा त्याच रांगेत ठेवली, या तीन गोष्टींनी दोन योजनांत गुणात्मक अंतर निर्माण केले. यंत्र तेच होते. अटी निराळ्या होत्या.

५

परदेशातील दोन प्रसंग या विवेचनास पूरक ठरतात. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांकडून ‘जादा दिलेली’ रक्कम वसूल करण्यासाठी एक स्वयंचलित पद्धत अंमलात आली. तिच्यात कर खात्याकडील वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढली जाई आणि ती सरासरी लाभार्थ्याने सांगितलेल्या उत्पन्नाशी जुळली नाही, तर त्याच्या नावे कर्ज निघे. ते कर्ज खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या लाभार्थ्यावर असे. ही पद्धत बेकायदा ठरली आणि २०२३ मधील शाही चौकशी आयोगाच्या अहवालाने तिच्यावर कठोर ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन-साहाय्याच्या प्रकरणात हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा आरोप आला. संशयिताची निवड करणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हाही एक निकष होता. त्या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

यांपैकी सरासरीचा दोष वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. हिंगणघाट वा देवळीच्या बाजारात कापूस विकणाऱ्याच्या हाती पैसा येतो तो वर्षातून एक-दोनदा. उरलेले महिने उधारीवर जातात. त्याच्या खात्यावर डिसेंबरात दिसणारी रक्कम पाहून त्यास सधन ठरवणारी, किंवा वर्षाचा आकडा बाराने भागून त्यास दरमहा उत्पन्न असलेला मानणारी प्रणाली गणिताच्या दृष्टीने अचूक आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने खोटी ठरेल. पगारदाराचे जीवन प्रमाण मानून घडवलेली प्रणाली हंगामावर जगणाऱ्यास नेहमीच संशयास्पद ठरवते. हा दोष यंत्राचा नव्हे. ते ज्या उदाहरणांवरून शिकले, त्या उदाहरणांचा आहे. म्हणून कोणत्या लोकांची माहिती देऊन प्रणाली शिकवली गेली, हे सांगणे उत्तरदायित्वाचा पहिला अंश होय.

६

येथवरच्या चर्चेवरून कृत्रिम बुद्धिमत्ता लोकसेवेत येऊच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कापसावरील कीडनियंत्रणाचे उदाहरण याच्या उलट साक्ष देते. शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे छायाचित्र मोबाइलवर घेतले असता त्यांची मोजणी करून फवारणीसंबंधी सल्ला देणारी ‘कॉटनएस’ ही प्रणाली वाधवानी संस्थेने विकसित केली आहे. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत लागोपाठ तीन रात्री दर सापळ्यास आठ पतंग, ही नुकसानीची आर्थिक पातळी कापूसतज्ज्ञांनी ठरवून दिलेली आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीमुळे शेतकरी व शेतमजूर यांचे मृत्यू झाले, हे ज्यांना स्मरते, त्यांना वेळेवरच्या आणि मोजक्या फवारणीचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही.

या यंत्राचे वैशिष्ट्य असे की ते सल्ला देते, निकाल देत नाही. सापळा शेतकऱ्याचा, पतंग त्याच्या डोळ्यांसमोर, पातळीचा आकडा सर्वांस माहीत. यंत्राने बारा म्हटले आणि सापळ्यात चार दिसले, तर शेतकरी यंत्रास बाजूस ठेवू शकतो. १९२९ च्या अटींच्या भावनेशी हे यंत्र बऱ्याच अंशी जुळते. पेटंट व माहितीची मालकी हा भाग तेवढा वेगळा राहतो.

याच्याशी अंगणवाडीतील चेहरा-ओळख प्रणालीची तुलना करावी. केंद्र शासनाच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये घरपोच आहाराच्या वाटपासाठी १ जुलै २०२५ पासून लाभार्थ्याचा चेहरा पडताळणे बंधनकारक झाले. अशी प्रणाली दोन चेहरे ‘एकच’ किंवा ‘भिन्न’ असे म्हणत नाही. त्यांतील साम्याचा एक आकडा देते. तो आकडा किती असला म्हणजे ‘एकच’ मानावे, ही मर्यादा माणूस ठरवतो. मर्यादा उंच ठेवली तर तोतयास आहार मिळणार नाही, परंतु बाळंतपणानंतर चेहरा उतरलेल्या खऱ्या मातेसही तो नाकारला जाईल. खाली ठेवली तर उलट घडेल. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. तेव्हा कोणती चूक सोसावयाची, हा प्रश्न तंत्रज्ञाचा नसून नीतीचा व धोरणाचा आहे. तोतयाने एक पाकीट नेणे आणि मातेने रिकाम्या हाती परत जाणे या दोन चुका सारख्या नाहीत, हे यंत्रास समजत नाही. ते शासनाने त्यास सांगावयाचे असते, आणि काय सांगितले ते जाहीर करावयाचे असते.

सल्ला आणि निकाल यांतील सीमारेषा कागदावर स्पष्ट असली, तरी कचेरीत ती लवकर पुसट होते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राने पोलीस तपासासाठी ‘मार्व्हल’ ही संस्था स्थापन केली. नागपूर परिसरातील २३ ठाण्यांत चालवून पाहिलेली तपास-साहाय्य प्रणाली राज्यातील १,१०० ठाण्यांत नेण्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. अंतिम निर्णय अधिकाऱ्याचाच, असे अशा सर्व योजनांत सांगितले जाते. परंतु यंत्राच्या शिफारशीनुसार वागून चूक झाली तर दोष यंत्राचा, आणि शिफारस डावलून चूक झाली तर दोष आपला, हे ज्या कनिष्ठ कर्मचाऱ्यास ठाऊक आहे, तो शिफारस डावलण्याच्या भानगडीत पडणार नाही. मग सल्लाच निकाल होऊन बसतो, आणि खालची सही केवळ शोभेपुरती उरते. ‘मानवी देखरेख’ हा शब्द धोरणात घालून हा दोष जात नाही. शिफारस डावलणाऱ्या कर्मचाऱ्यास संरक्षण दिल्याने तो कमी होतो.

७

आता केंद्र शासनाच्या सात सूत्रांकडे वळावे. विश्वास हा पाया, माणूस प्रथम, निर्बंधाहून नवनिर्मितीस प्राधान्य, न्याय्यता व समता, उत्तरदायित्व, आकलनसुलभ रचना, सुरक्षितता, चिवटपणा व शाश्वतता, असा त्यांचा आशय थोडक्यात मांडता येईल. सूत्रे सुबोध आहेत आणि त्यांतील बहुतेकांस कोणी विरोध करणार नाही. किंबहुना कोणी विरोध करणार नाही हीच त्यांची उणीव आहे. ज्या तत्त्वाने कोणाचेही काही अडत नाही, ते तत्त्व कोणाचेही रक्षण करीत नाही.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने या सूत्रांचे मूळही पाहिले पाहिजे. ती रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीच्या ऑगस्ट २०२५ च्या अहवालावरून घेतलेली आहेत. तो अहवाल वित्तीय क्षेत्रासाठी होता. एका बँकेचे वागणे न पटल्यास ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो, असे निदान तत्त्वतः तरी मानता येते; तेथे ‘निर्बंधाहून नवनिर्मिती’ हे सूत्र काही अंशी समर्थनीय ठरेल. परंतु तहसील कचेरीस पर्याय नसतो. आर्वीच्या शेतकऱ्यास आपला सात-बारा दुसऱ्या शासनाकडून घेता येत नाही, आणि कारंज्याच्या मातेस दुसरी अंगणवाडी निवडता येत नाही. जेथे पर्याय नाही, तेथे निर्बंध हेच नागरिकाचे एकमेव संरक्षण होय. यास्तव तिसरे सूत्र बाजारास लागू पडले तरी लोकसेवेस लागू पडत नाही, आणि हा भेद न करणे हा या मार्गदर्शक तत्त्वांतील मूलभूत दोष मानावा लागतो. त्यांत तक्रारनिवारणाची शिफारस आहे, हे खरे. पण तत्त्वे बंधनकारक नसल्याने ती शिफारसही ऐच्छिकच राहते.

वस्तुतः बंधनकारक आधार शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींस कळवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये सेवा नाकारावयाची तर पदनिर्देशित अधिकाऱ्याने लेखी कारणे द्यावयाची असतात, आणि त्यावर प्रथम व द्वितीय अपील व पुढे आयोगाकडे दाद मागता येते. शासनव्यवहार मराठीत व्हावा, हे १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ठरवून दिले आहे. हे तीन कायदे एकत्र वाचले असता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या अटी जवळजवळ तयारच मिळतात : नकार कारणासहित असावा, ते कारण मराठीत असावे, त्याखाली नाव व हुद्दा असलेल्या माणसाची सही असावी, आणि त्या सहीवर अपील करता यावे. ‘प्रणालीने नाकारले’ हे कारण नव्हे. ते कारण देण्यास दिलेला नकार होय. यंत्राचा निर्णय स्वतःच्या शब्दांत सांगता येत नसेल, तर त्या निर्णयावर सही करण्याचा अधिकार अधिकाऱ्यास नाही, असा या कायद्यांचा अर्थ लावणे उचित ठरेल.

त्यांत १९२९ च्या जाहिरातीतून आणखी तीन अटींची भर घालता येते. बिघाडाची सोय खरेदीपूर्वी ठरलेली असावी, म्हणजे यंत्र बंद पडले वा चुकले तर काम जुन्या रीतीने त्याच दिवशी व्हावे. मालकीचा प्रश्न आधी सुटलेला असावा. व्यापारी गुपिताच्या सबबीखाली खासगी पुरवठादाराने निकष दडवून ठेवल्यास ते यंत्र लोकसेवेस अपात्र समजावे. आणि यंत्र अटींस उतरले नाही तर पारितोषिक न देण्याची तयारी असावी. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. कारण एकदा तरतूद झाली, समारंभ झाला, म्हणजे ‘हे यंत्र नको’ असे म्हणणे कोणत्याही शासनास जड जाते.

८

सारांश, लोकसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेची कसोटी तिच्या अचूकतेच्या टक्केवारीत शोधणे अपुरे आहे. शंभरांतील अठ्ठ्याण्णव निर्णय बरोबर देणारी प्रणाली उत्तम मानली जाईल. परंतु उरलेल्या दोघांना कोठे जावयाचे हे ठाऊक नसेल, तर त्या दोघांपुरते शासन संपुष्टात आलेले असते. त्या दोघांच्या बाजूने यंत्राकडे पाहणे, ही वर्ध्याच्या परंपरेची या चर्चेस देणगी आहे. आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता आले पाहिजे, ही फुले-आंबेडकरांच्या परंपरेची.

या विवेचनाची मर्यादा अशी की ते कायदे, योजना व धोरणे यांच्या पाठावर आधारलेले आहे. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठही तालुक्यांत संगणकाधारित याद्यांतून वगळल्या गेलेल्यांना कारण लेखी मिळाले काय, अपील किती जणांनी केले आणि निकाल किती दिवसांत लागला, याची पद्धतशीर पाहणी झाल्यास या चर्चेस वस्तुस्थितीचे अधिष्ठान लाभेल. १९३९ मध्ये कुमारप्पांच्या अध्यक्षतेखालील समितीने मध्यप्रांत व वऱ्हाडातील उद्योगांची पाहणी गावोगाव जाऊन सादर केली होती. यंत्रे घेण्यापूर्वी तशी पाहणी होणे, हे आजही अशक्य नाही.